पाळलेला बेडूक अचानक मेला, दुसरा आणला तोही गेला: कारण कुठे शोधायचं?

"रात्री नीट खाल्लं, सकाळी बघतो तर उताणा पडलेला." बेडूक गेला की बहुतेक जण सुरुवात अशीच करतात. पुढचं वाक्य जास्त काळजीचं असतं: "मुलगी रडायला लागली म्हणून त्याच टाकीत दुसरा आणून सोडला, तोही पंधरा दिवसांत गेला." मग "बेडूक टिकतच नाहीत" अशी समजूत होते आणि काचेची टाकी माळ्यावर जाते.

ही समजूत खरी नाही. पुण्यातल्या फिश टँकच्या दुकानांत 'अल्बिनो फ्रॉग' म्हणून मिळणारा पांढरा-गुलाबी बेडूक म्हणजे आफ्रिकन क्लॉड फ्रॉग. नीट सांभाळला तर तो पंधरा वर्षं आणि त्याहूनही जास्त जगतो. मातीत बसून राहणारा, मोठ्या तोंडाचा पॅकमन फ्रॉग दहा वर्षांच्या आसपास जगतो, व्हाइट्स ट्री फ्रॉग पंधरा वर्षं सहज काढतो, आणि इवलासा ड्वार्फ फ्रॉगसुद्धा पाचेक वर्षं जगू शकतो. त्यामुळे आणल्यापासून वर्षाच्या आत बेडूक मेला तर 'वय झालं असेल' हे उत्तर सहसा लागू होत नाही. कारण असतं, आणि बहुतेक वेळा ते घरातच सापडतं. मरताना बेडूक कसा दिसत होता यात फार अडकू नका. त्याच्या आधी पाण्याला, खोलीतल्या हवेला आणि टाकीत गेलेल्या हातांना काय काय झालं, याची तारीखवार उजळणी करा. ती पूर्ण होईपर्यंत दुसरा बेडूक आणू नका.

आधी खात्री करा की तो मेलाच आहे

हे पॅकमन पाळणाऱ्यांसाठी विशेष. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात पहाटे पारा दहाच्या खाली जातो. घर थंड पडलं आणि टाकीतली माती कोरडी झाली, की पॅकमन स्वतःला पुरून घेतो, खाणं सोडतो आणि अंगावर मेलेल्या कातडीचा चिवट, कागदासारखा थर चढवतो. हाताला तो कडक आणि थंडगार लागतो. अशा अवस्थेतले जिवंत बेडूक लोकांनी मेले म्हणून टाकून दिलेले आहेत.

घशाखालच्या कातडीकडे दोन-तीन मिनिटं टक लावून पाहा. श्वास चालू असेल तर ती बारीक लकलकते. त्याला हलकेच उताणा करा. जिवंत बेडूक, मलूल असला तरी, सहसा सुलटा व्हायची धडपड करतो; फार आजारी असेल तर मात्र करत नाही, म्हणून एवढ्यावरून तो मेला असं ठरवू नका. उताणा असतानाच पुढच्या पायांच्या मधे छातीवर नजर ठेवली तर पातळ कातडीच्या बेडकांत ठोका दिसतोसुद्धा. शंका असेल तर क्लोरीन काढलेल्या, खोलीच्या तापमानाच्या उथळ पाण्यात, नाकपुड्या वर राहतील असा दोन-चार तास ठेवा. गरम पाणी ओतू नका. अंग ताठ झालं, डोळे पांढुरके होऊन आत गेले आणि वास यायला लागला, की मग शंका उरत नाही.

सगळं कातडीवर येऊन थांबतं

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाच्या खालच्या भागात आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला त्याची कातडी खास पातळ असते, तिथून तो पाणी शोषून घेतो. श्वासाचा बराच भाग कातडीतूनच होतो. शरीरातल्या सोडियम, पोटॅशियमसारख्या क्षारांचा तोल सांभाळायचं कामही कातडीच करते, आणि हा तोल ढळला की हृदय थांबतं. त्यामुळे पाण्यात किंवा मातीत जे मिसळलं ते जवळपास थेट रक्तात गेलं असं धरून चाला. शेजारच्या टाकीतले गप्पी ठणठणीत आहेत म्हणून पाणी निर्दोष ठरत नाही. उलट, मोठा झालेला क्लॉड फ्रॉग घाण पाणी बरेच दिवस सोसतो. कुरकुर नाही, तडफड नाही. मालक गाफील राहतो आणि एक दिवस सहनशक्ती संपते. 'अचानक' मृत्यूंपैकी बरेचसे असे आतून आठवडाभर चाललेले असतात.

पाणी बदलल्यावर दोन दिवसांत गेला असेल तर

सगळ्यात जास्त प्रकरणं इथली असतात, म्हणून यावर जरा थांबते.

खडकवासल्याचं पाणी शुद्ध करून आपल्याकडे येतं तेव्हा त्यात क्लोरीन असतो, आणि असायलाच हवा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळापर्यंत पोचलेल्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहावा लागतो. पावसाळ्यात धरणात गढूळ पाणी आलं की शुद्धीकरणात तुरटी आणि क्लोरीन दोन्ही जास्त लागतं. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण आढळले, त्यानंतर विहिरींच्या आणि टँकरच्या पाण्यातल्या क्लोरीनकडेही कसून लक्ष दिलं गेलं. माणसांसाठी ते योग्यच आहे. बेडकासाठी ते पाणी तसंच्या तसं चालत नाही.

हे बऱ्याच जणांना माहीत असतं. ते पाणी चोवीस तास ठेवून मगच वापरतात, तरी बेडूक जातो. अशा घरांत मी तीन गोष्टी विचारते.

पहिली: ठेवलेलं पाणी उघडं होतं का? झाकण लावलेल्या पिंपात किंवा अरुंद तोंडाच्या कॅनमध्ये क्लोरीन फार हळू उडतो. पसरट टब, वर फक्त जाळी, आणि जमल्यास एअर पंपाचे बुडबुडे, असं असेल तर दिवसभर पुरतं. त्यापेक्षा खात्रीचं म्हणजे अँटी-क्लोरीनचे थेंब. बाटलीवरच्या मापाने, आणि टाकीत ओतण्याआधी बादलीत.

दुसरी: वार कोणता होता? दुरुस्तीच्या कामांसाठी आपल्याकडे अनेकदा गुरुवारी पाणी बंद असतं आणि शुक्रवारी उशिरा, कमी दाबाने येतं. बेडकासाठी मुरवत ठेवलेली बादली गुरुवारी भांड्यांना जाते. शुक्रवारी-शनिवारी टाकी घाण दिसते म्हणून नळाचं ताजं पाणी थेट ओतलं जातं, आणि नेमकं तेच गढूळ, पहिल्या धारेचं असतं. पाणीबंदीच्या आठवड्यात पाणी बदलूच नका. खाणं निम्म्यावर आणा आणि सोमवारपर्यंत थांबा.

तिसरी गोष्ट कोणाच्याच लक्षात येत नाही. वाघोलीच्या एका मुलाचा फोन आला होता, दोन अल्बिनो एकाच रात्रीत गेलेले.

"ताई, पाणी तर नेहमीचंच होतं."

"सोसायटीच्या ग्रुपवर टाकी साफ केल्याचा मेसेज आला होता का?"

"हो, रविवारी. का?"

"आणि तू पाणी कधी बदललंस?"

"सोमवारी रात्री."

वरची टाकी साफ करताना ब्लीचिंग पावडर वापरतात आणि ती कधी कधी सढळ हाताने पडते. पुढचे दोन-तीन दिवस नळाला येणाऱ्या पाण्यात क्लोरीनचं प्रमाण नेहमीपेक्षा बरंच जास्त असू शकतं. एवढ्या क्लोरीनला नेहमीच्या मापाचे अँटी-क्लोरीनचे थेंब पुरत नाहीत. उपाय अगदी साधा: ग्रामपंचायतीचे लोक करतात ती ओटी टेस्ट. बारीक नळीत पाणी घ्यायचं, ओटीचे थेंब टाकायचे आणि पांढऱ्या कागदावर धरून रंग पाहायचा. रंग आलाच नाही तर क्लोरीन नाही, फिकट पिवळा आला तर नेहमीचा, गडद पिवळा किंवा नारिंगीकडे झुकला तर ते पाणी त्या दिवशी बेडकाच्या वाट्याला जाऊ देऊ नका. तपासलेलं पाणी मात्र टाकीत परत ओतायचं नाही, ते रसायन विषारी असतं.

टँकर किंवा बोअरवर असलेल्या सोसायट्यांचा प्रश्न वेगळा. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त, सामू (पीएच) चढा. टाकीत आधी धरणाचं हलकं पाणी होतं आणि अर्धं काढून बोअरचं भरलं, तर कातडीला तो बदल झेपत नाही. पाणी बदलायचंच असेल तर एका वेळी पाचवा हिस्सा बदला, दोन दिवस जाऊ द्या, मग पुन्हा. आरओचं पाणी 'शुद्ध' म्हणून वापरणारेही भेटतात. त्यात क्षार जवळपास नसतातच, त्यामुळे पाण्यातल्या बेडकाच्या अंगातले क्षार बाहेर ओढले जातात. नुसतं आरओ कधीच भरू नका. थंडीत पाणी कोमट करायला गिझरचं मिसळायची सवयही घातक आहे. गिझरच्या आत तांबं असू शकतं, आणि तांब्याचा अंशही बेडकाला सोसत नाही. तांबं असलेली माशांची औषधं टाकीत घालू नयेत, तीही याच कारणासाठी.

पाणी बदललं नव्हतं, तरी गेला?

मग हवा आणि हात तपासा.

डासांची कॉइल, लिक्विडचं मशीन, फवारायचा स्प्रे, या सगळ्यांत पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं असतात. माणसाला त्यांचा फार त्रास होत नाही. मासे आणि बेडूक यांच्यासाठी ती तीव्र विषं आहेत. रात्रभर बंद खोलीत मशीन चालू, शेजारी टाकी, आणि टाकीतला एअर पंप खोलीतलीच हवा खेचून पाण्यात सोडतोय! डेंग्यूच्या दिवसांत गल्लीत धूरफवारणी होते, तेव्हाही तेच. धुराची गाडी ऐकू आली की खिडकी लावा, पंप अर्धा तास बंद ठेवा, टाकीवर ओलं फडकं टाका. दिवाळीतल्या फटाक्यांच्या धुरालाही हाच उपाय. घरात पेस्ट कंट्रोल असेल तर बेडूक दोन-तीन दिवस नातेवाइकांकडे पाठवा, दुसऱ्या खोलीत हलवून भागत नाही.

पेस्ट कंट्रोलचा आणखी एक फटका खाण्यातून बसतो. स्वयंपाकघरात सापडलेलं झुरळ पॅकमनला घालायचा मोह होतो. ते झुरळ जेल खाऊन आलेलं असू शकतं. घरात पकडलेला कोणताही किडा खाऊ घालू नका. गांडुळं आणायची तर जिथे औषध फवारत नाहीत अशा गांडूळखताच्या वाफ्यातली आणा.

हातांचं तर काय सांगावं. सॅनिटायझर, सनस्क्रीन, डासांचं क्रीम, भांड्यांचा साबण, फिनेल, यातलं काहीही बोटांना असताना बेडूक उचलला तर ते सगळं त्याच्या मांड्यांमधून आत जातं. पाहुणे आले की मुलं "बघ ना, किती मऊ आहे" म्हणत तो हातोहात फिरवतात. साबणाने हात धुऊन, मग नुसत्या पाण्याने भरपूर धुऊन, ओल्या हातांनीच उचला. शक्यतो उचलूच नका. आणि ठेवल्यावर पुन्हा हात धुवा, कारण बेडकांच्या अंगावर साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो. टाकी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुऊ नये, तेही त्यामुळेच.

एप्रिल-मेमधले मृत्यू

क्लॉड फ्रॉग मूळचा दक्षिण आफ्रिकेतल्या थंड पाण्यातला. त्याला १६ ते २२ अंश मानवतं. पुण्यात एप्रिलमध्ये बाहेर चाळीस असताना वरच्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटमध्ये टाकीचं पाणी तीसच्या वर जातं. आधी खाणं सुटतं, मग तो सतत वर-खाली करायला लागतो, आणि जंतूंना रान मोकळं मिळतं. शिवाय पाणी जितकं गरम आणि सामू जितका चढा, तितका त्यातला अमोनिया जास्त विषारी होतो. मार्चमध्ये चालून गेलेलं घाण पाणी मेमध्ये जीव घेतं ते असं.

आपल्या उन्हाळ्यात हवा कोरडी असते, ही इथे जमेची बाजू आहे. टाकीवर लाकडी चौकटीची जाळी लावा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा टेबल फॅन मारा. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. दुपारी गोठवलेली पाण्याची बाटली, झाकण घट्ट लावून, टाकीत तरंगत ठेवा. सुटा बर्फ टाकू नका. टाकी टीव्हीच्या कपाटावर किंवा पश्चिमेच्या खिडकीत नको.

जाळी घट्टच हवी. क्लॉड आणि ड्वार्फ दोघेही उडी मारून बाहेर पडतात आणि वैशाखाच्या हवेत काही तासांत वाळून मरतात. सोफ्याखाली सापडलेल्या बेडकांचं कारण शोधत बसावं लागत नाही.

ड्वार्फचं गणित उलटं आहे. त्याला २४ ते २७ अंश लागतात, म्हणजे पुण्याच्या थंडीत हीटर हवाच. दुकानदार दोन्ही एकाच टबात ठेवतो आणि एकाच नावाने विकतो, त्यामुळे घरी आलेला कोण हे आधी ओळखा. पुढचा पंजा भिंगातून पाहा. बोटांमध्ये पडदा असेल तर ड्वार्फ; बोटं सुटी, काडीसारखी असतील तर क्लॉडचं पिल्लू, जे पुढे मुठीएवढं होऊन सोबतचे मासे गिळणार आहे. पूर्ण पांढरा असेल तर तो क्लॉडच धरा. हीटर लावाल तेव्हा त्याला प्लॅस्टिकची जाळी बसवा, बेडूक त्याला बिलगून भाजून घेतात. हीटरवरच्या आकड्यावर विसंबू नका, थर्मामीटर वेगळा हवा.

आणल्यापासून तीन ते सहा आठवड्यांत गेला असेल तर

टाकी नवी होती का? बेडकाच्या मूत्रातून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या स्पंजात वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करतात. ही वसाहत जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाणी आरशासारखं स्वच्छ दिसत असतानाही विषारी असू शकतं. टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट शून्य यायला हवेत. थोडा जरी रंग आला तरी त्याच दिवशी चौथा हिस्सा पाणी बदला.

जुन्या टाकीतही हे नव्याने होतं, आणि याचा दोष सफाईच्या हौसेकडे जातो. रविवारी टाकी रिकामी करायची, वाळू धुवायची, स्पंज नळाखाली धरून पांढरा होईपर्यंत पिळायचा. क्लोरीनने सगळे जिवाणू मेले, म्हणजे टाकी पुन्हा पहिल्या दिवसावर आली. आठवड्याभराने बेडूक मेला की सगळे म्हणतात, "आम्ही तर एवढी स्वच्छता ठेवत होतो!" स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच दोन-तीनदा पिळा, तपकिरी राहू दे.

पॅकमनच्या बाबतीत हाच अमोनिया कोकोपीटमध्ये, म्हणजे टाकीत माती म्हणून घातलेल्या नारळाच्या भुशात, साठतो. एकाच जागी आठवडेच्या आठवडे बसून तो आपल्याच मूत्रात मुरतो आणि कातडीतून तेच परत आत घेतो. मागचे पाय ताणणं, झटके, उड्या मारत पळायचा प्रयत्न, ही त्याची खूण. लगेच क्लोरीन काढलेल्या स्वच्छ, उथळ पाण्यात ठेवा, ते पाणी काही तासांनी बदलत राहा, आणि कोकोपीट सगळं फेकून द्या.

महिन्यांनी गेला, आधी बारीक होत होता किंवा फुगत होता

खाण्याचे प्रश्न इतक्या लवकर मारत नाहीत, म्हणून थोडक्यात. टाकीच्या तळाशी गिळता येतील असे खडे नकोत. खाण्याबरोबर गिळलेला खडा आतड्यात अडकतो. एकतर तळ मोकळा ठेवा, किंवा बारीक वाळू, किंवा बेडकाच्या डोक्याहून मोठे दगड. खायला घालायच्या किड्यांवर कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी-३ ची पूड लावली नाही तर वाढत्या पॅकमनचा जबडा मऊ पडतो. गप्प्यांबरोबर ठेवलेला ड्वार्फ उपाशी मरतो, कारण त्याला अन्न सापडेपर्यंत मासे ते संपवून टाकतात. त्याला चिमट्याने, नाकासमोर धरून द्यावं लागतं. अंग फुग्यासारखं टम्म झालं असेल तर तो जलोदर. त्यावर घरी काही करू नका, डॉक्टर गाठा.

मांड्या लाल, कातडीच्या चिंध्या

मांड्यांच्या आत आणि पोटावर लाली किंवा रक्ताचे ठिपके दिसले की दुकानदार 'रेड लेग' म्हणतो आणि निळ्या किंवा पिवळ्या औषधाची बाटली पुढे करतो. ही लाली म्हणजे रक्तात जंतू पसरल्याची खूण. एरोमोनास नावाचा जिवाणू त्यात अनेकदा सापडतो, पण तो बहुतेक टाक्यांत असतोच. बेडूक आधी कशाने तरी खचलेला असतो म्हणून त्याला संधी मिळते. योग्य प्रतिजैविकं पशुवैद्यच देऊ शकतात. तोवर बेडूक वेगळ्या, साध्या टबात हलवा आणि पाणी रोज बदला.

दुसरा रोग जास्त गंभीर आहे. कायट्रिड बुरशी. तिचं शास्त्रीय वर्णन १९९९ मध्ये झालं, आणि जगभरात बेडकांच्या कित्येक जाती तिने संपवल्या किंवा संपवत आणल्या. ती कातडीत शिरून क्षारांची ये-जा बिघडवते आणि शेवटी हृदय बंद पडतं. वरून जखम दिसत नाही. बेडूक सुस्त होतो, पाण्यात कातडीचे पांढरे पापुद्रे सतत तरंगतात, उताणा केला तर सुलटं व्हायची धडपड करत नाही, आणि एक-दोन दिवसांत संपतो. क्लॉड फ्रॉग ही बुरशी अंगावर बाळगूनही स्वतः ठणठणीत राहू शकतो. त्याच्याच टबातून आणलेला किंवा त्याच्याच जाळीने पकडलेला दुसऱ्या जातीचा बेडूक मात्र मरतो. 'दुसराही गेला' या कोड्याचं उत्तर कधी कधी हे असतं. कातडीवर कापसाचा बोळा फिरवून पीसीआर तपासणी केली की निदान होतं. उपचार आहेत, पण बुरशीनाशकाचं प्रमाण चुकलं तर तेच मारतं, म्हणून आकडा इथे देत नाही.

इथे एक कळकळीची विनंती. ही बुरशी आपल्या सह्याद्रीतही आहे. पुण्यातल्या संशोधकांचा सहभाग असलेल्या २०१३ च्या शोधनिबंधात उत्तर पश्चिम घाटातल्या बेडकांत ती आढळल्याची नोंद आहे. आंबोलीच्या टोडसारख्या जाती जगाच्या पाठीवर दुसरीकडे कुठेच नाहीत. पाळलेला बेडूक नकोसा झाला म्हणून पाषाण तलावात, मुठेत किंवा टेकडीवरच्या डबक्यात सोडू नका. टाकीचं पाणीही ओढ्यात, गटारात ओतू नका. ब्लीच मिसळून, अर्धा तास ठेवून, संडासात ओता. आणि पावसाळ्यात तळजाईवरून किंवा वेताळ टेकडीवरून मुलांनी बरणीत आणलेला बेडूक त्याच संध्याकाळी जिथला तिथे परत नेऊन सोडा. तो घरात जगत नाही, आणि रानातला प्राणी पकडून ठेवणं वन्यजीव कायद्यात अडकवू शकतं.

मेलेल्या बेडकाचं काय करायचं

कारण हवं असेल तर शरीर हाच सगळ्यात मोठा पुरावा आहे, आणि बेडूक फार लवकर सडतो. ओल्या टिशू पेपरमध्ये गुंडाळा, झिपच्या पिशवीत घाला, वरून आणखी एक पिशवी, आणि फ्रीजच्या खालच्या कप्प्यात एका बंद डब्यात ठेवा. फ्रीझरमध्ये नको, गोठल्यावर पेशी फुटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली काही कळत नाही. चोवीस तासांच्या आत विदेशी प्राणी पाहणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. शहरात असे डॉक्टर आहेत, पण कुत्र्या-मांजरांचा प्रत्येक दवाखाना बेडूक पाहत नाही, म्हणून आधी फोन करून विचारा. शवविच्छेदनासाठी शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातही विचारणा करता येईल.

जाताना बेडकाबरोबर टाकीतलं अर्धा लिटर पाणी स्वच्छ बाटलीत न्या. आणि एक कागद: शेवटचं पाणी कधी बदललं आणि कुठलं होतं, पाण्याचं तापमान, काय खाल्लं आणि कधी, घरात फवारणी, रंगकाम किंवा पेस्ट कंट्रोल कधी झालं, टाकीत शेवटचा नवीन जीव किंवा रोप कधी आलं. हा कागद तपासणीआधीच अर्धं काम करून देतो. मेला त्याच दिवशी, पाणी ओतून देण्याआधी, अमोनिया, नायट्राइट आणि क्लोरीन तपासून त्यावर लिहा. बहुतेक लोक वाईट वाटून टाकी लगेच घासून टाकतात आणि पुरावा मोरीत जातो.

दुसरा आणण्याआधी

कारण पाण्याचं किंवा उष्णतेचं निघालं तर ते दुरुस्त करा आणि फिल्टर चालू ठेवा. जिवाणूंना उपाशी ठेवायचं नाही, म्हणून चिमूटभर माशांचं खाणं टाकीत टाकत राहा. दोन आठवडे रोज तपासून अमोनिया शून्य आला, की टाकी तयार.

कारण रोगाचं असेल किंवा सापडलंच नाही, तर सगळं मोडून सुरुवात करावी लागते. झाडं, लाकूड, स्पंज, वाळू फेकून द्या. काच, दगड, जाळी, चिमटा ब्लीचच्या पाण्यात बुडवा, खळखळून धुवा, अँटी-क्लोरीनच्या पाण्यातून काढा आणि गच्चीवर कडक उन्हात पूर्ण कोरडं होईपर्यंत ठेवा. कायट्रिडला कोरडेपणा सोसत नाही.

दुकानात गेल्यावर बेडकाआधी त्याच्या टबाकडे पाहा. त्याच पाण्यात मेलेला किंवा लाल मांड्यांचा एखादा असेल तर उरलेल्यांतला सगळ्यात तरतरीतसुद्धा घेऊ नका. रेड-आइड ट्री फ्रॉग किंवा डार्ट फ्रॉगसारख्या सायटीसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीतल्या जातींसाठी २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते; विक्रेत्याकडे कागद नसतील तर तिथूनच परत फिरा. घरी आणलेला बेडूक पहिले किमान तीस दिवस वेगळ्या खोलीत, साध्या प्लॅस्टिकच्या टबात, स्वतःच्या जाळीसह राहू द्या. घरात आधीचा बेडूक असेल तर रोज त्याचं काम आधी उरका, मग हात धुऊन नव्याचं, आणि दोघांच्या बादल्यांवर मार्करने नावं लिहून ठेवा.